१२० प्रश्नांची फुकट पर्सनॅलिटी टेस्ट, कॉलेजच्या पोरांसाठी कितपत कामाची

यावर्षी माझ्या फर्स्ट इयरच्या मेंटॉरिंग बॅचला आयपीआयपी-निओ-१२० ही टेस्ट दिली, मानसशास्त्रज्ञ जॉन जॉन्सन यांनी २०१४ मध्ये काढलेली, नेटवर फुकट आहे आणि एका लेक्चरमध्ये आरामात होते. रिपोर्ट मला दाखवायचा की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं.

एमबीटीआयसारख्या चार अक्षरांचा शिक्का मारणाऱ्या टेस्टपेक्षा ही खूपच बरी, कारण स्वभावाच्या पाच गुणांवर कमी-मध्यम-जास्त सांगते आणि प्रत्येक गुणाचे परत सहा भाग करून दाखवते. खरी मजा तिथेच आहे. त्या पाचातला न्यूरॉटिसिझम म्हणजे मन पटकन अस्वस्थ व्हायचा कल, पण त्यात चिंता वेगळी, राग वेगळा, उदासी वेगळी, चारचौघांत अवघडणं वेगळं. एका मुलीचा राग अगदी कमी पण चिंता आणि अवघडलेपण एकदम वर, आणि शिस्तीचा, म्हणजे पाचातल्याच आणखी एका गुणाचा, स्कोअरही वर. जर्नल सगळ्यात आधी सबमिट करणारी पोरगी, तिच्याकडे कशाला कोणाचं लक्ष जाईल! व्हायवाच्या आदल्या रात्री ती झोपतच नाही हे रिपोर्टवर बोलता बोलता बाहेर आलं.

टेस्ट इंग्रजीत आहे, मराठी मिडियमच्या पोरांसोबत बसावं लागतं.

आता महत्त्वाचं. कोटोव या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १७५ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा डिप्रेशन आणि अँग्झायटीशी सगळ्यात घट्ट संबंध न्यूरॉटिसिझमचाच निघाला, सोबत शिस्तीचा स्कोअर कमी. पण म्हणून जास्त स्कोअरवाला पोरगा आजारी आहे असं अजिबात नाही, वय वाढतं तसा हा स्कोअर बऱ्याच जणांचा खालीही येतो, आणि मन खचलेलं असताना टेस्ट भरली तर तो तसाही वर जातो. त्यामुळे कॉलेजवाल्यांनो, हे आकडे कृपया फाईलला लावू नका, वर्गात वाचून तर मुळीच दाखवू नका.

स्वभाव समजायला ५ पैकी ४, मानसिक त्रासाचा धोका ओळखायला एकटी वापरणार असाल तर २. आत्ता मनाचं काय चाललंय हे बघायला पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची लक्षणं तपासणारी प्रश्नावली घ्या, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, एकूण बेरीज १० किंवा वर गेली तर तज्ज्ञाशी बोलायचंच. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं. आणि नंबर नुसता फॉरवर्ड नका करू, पोराच्या शेजारी बसून लावून द्या.