गुड फ्रायडेचा शिक्का

मुद्द्याचं आधी सांगतो. पंचायतीत अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर नुसता शिक्का मारून घेऊन भागत नाही. शिक्क्यात आवक क्रमांक लिहून घ्यावा लागतो, आणि तोच क्रमांक त्यांच्या रजिस्टरात आपल्या नावासमोर आहे की नाही, हे बघून यावं लागतं. मी बघितलं नाही. त्यापायी २१,५०० रुपये दिले, स्वयंपाकघरावरचं छप्पर ऐन पावसाच्या तोंडावर उघडं पाडलं आणि सख्ख्या बहिणीशी तीन महिने धड बोलू शकलो नाही.

गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. नाव लिहीत नाही. ज्याने मला फसवलं, त्या माणसाची म्हातारी आई अजून मला देवळात भेटते आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करते.

वडील २०२४च्या जानेवारीत गेले. घर मातीच्या भिंतींचं, वर नळे, म्हणजे कौलं. घरपट्टी वडिलांच्या नावावर. स्वयंपाकघरावरचे वासे वाळवीने पोखरले होते, बोटाने दाबलं तर भुगा पडायचा. आणखी एक पावसाळा निघेल असं वाटत नव्हतं. दुरुस्तीला पंचायतीचा परवाना हवा, आणि परवान्यासाठी घरपट्टी आधी माझ्या नावावर हवी, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. कोणी ते आता आठवत नाही. बहुतेक त्यानेच.

मी कुंडईला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. २०२५च्या मार्चमध्ये रजा टाकून दोनदा पंचायतीत गेलो. पहिल्या वेळी सेक्रेटरी नव्हते. त्यांच्याकडे दोन पंचायतींचा चार्ज, त्यामुळे आमच्याकडे ठरावीक वारीच येतात. दुसऱ्या वेळी वार बरोबर होता, पण साहेब वाळपईला बीडीओकडे (गटविकास अधिकाऱ्याकडे) मीटिंगला गेलेले. व्हरांड्यातल्या बाकावर तो बसला होता. मांडीवर रेग्झिनची बॅग, तिच्यात कोरे फॉर्म, स्टॅम्प पेपर आणि लोकांच्या पासपोर्ट फोटोंचा एक लखोटा. पंचायतीच्या पगारावर तो कधीच नव्हता. पण मी तिथे असताना आतून कोणीतरी "पंखा लाव रे" म्हणून हाक मारली, आणि हा उठून आत गेला, न बघता बरोबर बटण दाबलं आणि परत येऊन बसला. माझा विश्वास तिथेच बसला. माणूस आतला आहे असं वाटायला मला तेवढं पुरलं.

"भाई, आयज पण ना?" तो म्हणाला. "किती रजा घालवणार? कागद माझ्याकडे द्या. आईचं आणि तुमचं आधार, जुनी घरपट्टीची पावती, मृत्यूचा दाखला. बाकी मी बघतो."

हिशेब त्याने बाकावर बसूनच केला. घरपट्टीची थकबाकी ३,५००, नाव बदलायचे ६,०००, परवान्याचे १२,०००. शेवटच्या आकड्यावर मी थोडा अडलो. तर हसून म्हणाला, "त्यात सगळे आले, भाई. मला काय उरतं?" मी पुढे काही विचारलं नाही. अर्धे रोख दिले, अर्धे गुगल पेवर. गुगल पेचा नंबर त्याच्या बायकोचा होता.

जाताना मी एवढं मात्र विचारलं, की बहिणीची सही लागेल ना? ती कुडचड्याला असते, येऊन-जाऊन अख्खा दिवस मोडतो. "घरपट्टीला कशाला बहीण? ते जमिनीच्या कागदांना," तो म्हणाला. मला सोयीचं होतं ते मी ऐकून घेतलं.

वारशाचं हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी जरा विस्ताराने लिहितो, कारण आमच्यासारख्या घरांत घोळ नेमका इथेच होतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून सगळ्यांना एकच नागरी कायदा. नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. वडील गेले म्हणजे अख्खं घर वारसांकडे येत नाही. निम्मं आईचं मुळातच असतं. उरलेल्या निम्म्यात मुलगे आणि मुली सारख्या हिश्श्याचे, मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो. वारस कोण हे उपनिबंधकाकडे दस्त करून ठरवता येतं, वाद असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी, करावी लागते. घरपट्टी हा नुसता कर आहे. ती कोणाच्या नावावर आहे यावरून मालक ठरत नाही. तरीही ती बदलताना पंचायत बाकीच्या वारसांची संमती मागते, आणि ती मागते ते योग्यच आहे. मलाही यातलं बरंचसं तेव्हा ठाऊक नव्हतं. पण बहीण वारस आहे हे कळायला कायदा कशाला लागतो?

एप्रिलच्या शेवटी त्याने निळी प्लास्टिकची फाइल आणून दिली. वर घरपट्टीची पावती, खाली अर्जाची शिक्का मारलेली प्रत, त्याखाली परवान्याचं पत्र, आणि शेवटी पाच-सहा झेरॉक्स. पत्र इंग्रजीत. माझं शिक्षण मराठीतून झालं, सरकारी इंग्रजी कागद हातात आला की डोळे थेट खाली सही-शिक्क्यावर जातात. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा राहिली, पण आम्हांला मिळणारे कागद बहुतेक इंग्रजीतच असतात. भाषेच्या भांडणात मला पडायचं नाही. लोक न वाचताच घडी घालून ठेवतात अशा कागदावर कोणाचं पोट चालतं, एवढं मात्र मी पाहिलं आहे. मी ती फाइल कपाटात, आईच्या साड्यांखाली ठेवून दिली.

मेच्या मध्यावर सुतार आले. नळे उतरवून अंगणात रचले, कुजलेले वासे काढले. चौथ्या दिवशी पंचायतीतून दोघे आले आणि काम थांबवायची नोटीस हातात दिली. कोणीतरी तक्रार केली होती, विनापरवाना बांधकाम म्हणून. मी ऐटीत आत गेलो आणि निळी फाइल घेऊन आलो. त्यांतल्या एकाने पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही उद्या ऑफिसला याच."

दुसऱ्या दिवशी पंचायतीतल्या क्लार्कबाईंनी फाइल टेबलावर उघडली. आधी पावती. तिच्यावरचा नंबर घेऊन त्यांनी स्वतःचं पावतीपुस्तक काढलं आणि स्थळप्रती चाळल्या. त्या नंबराची खरी पावती एका आमलेट-पावच्या गाड्याच्या लायसन्स फीची होती, माणूस दुसराच, रक्कमही दुसरी. मग परवान्याचं पत्र. त्यावर ठराव क्रमांक होता, तारीख होती. परवाना देणं-न देणं तेव्हा पंचायत मंडळ ठरवायचं, पंधरवड्याच्या बैठकीत विषय यायचा आणि इतिवृत्तात ठराव लिहिला जायचा. बाईंनी इतिवृत्ताची वही माझ्यासमोर ठेवली. त्या तारखेला बैठकच नव्हती.

शेवटी अर्जाची प्रत. गोल शिक्का, आत १८ एप्रिल २०२५. आवक क्रमांकाची जागा कोरी. बाई त्या तारखेकडे बघत राहिल्या आणि चष्मा काढून म्हणाल्या, "हा गुड फ्रायडे होता. ऑफिसला कुलूप होतं. मी दिवसभर इगर्जीत होते."

घरपट्टीचे ३,५०० भरलेच नव्हते. ती घरपट्टी ऑनलाइन भरता येते, हे मला त्या दिवशी तिथल्या भिंतीवर लावलेल्या कागदावरून कळलं. त्याच भिंतीला टेकलेल्या बाकावर बसून मी पैसे मोजून दिले होते.

त्याला फोन केला. आधी "चूक झाली, दुसऱ्याची फाइल तुम्हांला आली", मग "दोन दिवस द्या". दोन दिवसांनी ५,००० परत आले, तेही बायकोच्याच नंबरवरून. त्यानंतर फोन बंद. त्या वर्षी मे संपायच्या आधीच पाऊस कोसळायला लागला. छपरावर ताडपत्री बांधली, खाली चुलीजवळ तीन बादल्या.

पोलिसांत गेलो. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने शांतपणे सगळं वाचलं आणि बोट ठेवलं ते १२,०००वर. "ही कसली फी?" मी गप्प. "परवान्याची फी एवढी नसते हे ठाऊक होतं?" ठाऊक होतं. "मग फी म्हणून दिले की लाच म्हणून?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही सरळ देता येत नाही. लोकांना वाटतं लाच घेणाराच अडकतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. माझ्यावर कोणी सक्ती केली नव्हती. आणि ते पैसे सेक्रेटरीपर्यंत किंवा पंचांपर्यंत गेले असंही कुठे दिसलं नाही. म्हणजे मी ज्यांना मनात भ्रष्ट ठरवून पैसे काढून दिले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता, आणि त्यांच्या नावावर हा माणूस घर चालवत होता. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं. त्याखाली तक्रार घेतली. गुगल पेची नोंद तेवढी उपयोगी पडली. रोख दिलेल्याचा पुरावा शून्य.

तक्रार दिल्याचं गावात कळल्यावर लोक रात्री येऊन सांगायला लागले. दिवसा कोणी नाही. एक आजी, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० मिळतात, तिला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याचे हा दरवर्षी ५०० घेत होता, "न दिल्यास नाव कापतात" म्हणून. ती म्हणाली, "मेल्याने मी जिवंत आहे याचे पैसे घेतले." आणखी एक मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारा. ते घर नावावर करून देतो, पंचायतीचा ठराव आणला की झालं, असं सांगून त्याच्याकडून ४०,००० घेतले. मुंडकार कायदा १९७५चा आहे. घर आणि भोवतालची जागा (गावात ३०० चौरस मीटरपर्यंत) विकत घेण्याचा हक्क आहे, पण प्रकरण मामलेदारापुढे चालतं. पंचायतीच्या ठरावाने ते होत नाही. त्याने तक्रार दिली नाही. मुलीचं लग्न आहे, म्हणाला.

जुलैत मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला गेलो. रविवार होता, सुट्टी होती, आणि तसे याआधीचेही रविवार सुट्टीचेच होते. प्रश्न आधी लेखी दिला होता: पंचायतीशी संबंध नसलेला माणूस पंचायतीच्या बाकावर बसून पंचायतीच्या नावाने पैसे कसे घेतो? सरपंच म्हणाले, बाक सार्वजनिक आहे. लोक हसले. पण सेक्रेटरी कोणत्या वारी कुठे बसतात, कुठल्या कामाची फी किती, आणि पावतीशिवाय पैसे देऊ नयेत, असा मराठीतला फलक लावायचं इतिवृत्तात लिहून घेतलं. इतिवृत्ताची प्रत मी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून मागितली. या वेळी आवक क्रमांकासकट. फलक लागला आहे. बाकही तिथेच आहे.

बहिणीचं राहिलं.

क्लार्कबाई फाइल परत देताना सगळ्यात खालची झेरॉक्स पुढे सरकवून म्हणाल्या, "ही तुमच्या बहिणीची सही आहे?" स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र. 'माझा या घरावर कोणताही हक्क नाही व राहणार नाही', खाली तिचं माहेरचं नाव, मराठीत वळणदार सही. लग्नाला चौदा वर्षं झाली, ती सही इंग्रजीत करते, आणि करते ती सासरच्या नावाने. हा कागद एक महिना माझ्या कपाटात होता.

पोलिसांनी जबाबासाठी तिला बोलावलं, म्हणजे लपवायचा प्रश्नच नव्हता. तिने कागद पाहिला. ही सही मी केलेली नाही म्हटलं, शपथ घेतली, आईने रडून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्याने खोटी सही केली हे कळलं रे. पण माझी खरी सही मागायला तू एकदा तरी आलास का?"

गणेश चवथीला दरवर्षी दुसऱ्या दिवशी येते, त्या वर्षीही आली, भावोजींना घेऊन. गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून नेवऱ्या (करंज्या) खाताना इकडचं तिकडचं बोलली. निघताना मी परवान्यासाठीचं संमतीपत्र पुढे केलं, या वेळी वकिलाकडून मराठीत लिहून घेतलेलं. तिने ते दिव्याजवळ नेऊन वाचलं, मागची कोरी बाजूही उलटून पाहिली, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "घरी नेऊन परत वाचते."

अजून आलेलं नाही. मी विचारलेलं नाही. छपरावर ताडपत्री आहे.