काचेच्या फ्रेममधली मेडल्स विकत घेण्याआधी हे वाचा

लष्करी वस्तू जमवणाऱ्यांनी हे वाचावंच, पण ज्यांच्या घरात निवृत्त फौजी माणसाची पदकं कपाटात ठेवलेली आहेत त्यांनीही जरूर वाचावं. ठाणे आणि नवी मुंबईत एक माणूस दोन्हीकडून फसवतोय. घरच्यांकडून खरी पदकं घेऊन जातो आणि संग्राहकांच्या गळ्यात नकला मारतो. माझ्या गळ्यात नकला पडल्या. ज्यांची खरी पदकं गेली त्या काकू नेरुळला राहतात, आणि त्यांना विचारूनच मी हे लिहितोय.

मी मूळचा नगरचा. रणगाड्यांचं प्रशिक्षण तिथेच चालतं, त्यामुळे रिसाल्याचं, म्हणजे रणगाडा दलाचं, वेड लहानपणीच लागलं. पाचपाखाडीत स्थायिक झाल्यावर टोप्या, खांद्यावरचे बिल्ले, जुनी पत्रं जमवू लागलो. सुट्या वस्तू मिळतात, पण एकाच अधिकाऱ्याची अख्खी कारकीर्द एका जागी क्वचितच हाती लागते. त्यात पूना हॉर्ससारखी रणगाड्यांची रेजिमेंट! 1965 मध्ये लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि 1971 मध्ये बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघेही याच रेजिमेंटचे, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. त्या दोन्ही युद्धांत सेंच्युरियन रणगाड्यावर असलेल्या एका मेजरसाहेबांचा संच विकायचा आहे, असं वाशीतल्या नाण्यांच्या प्रदर्शनात एकाने मला सांगितलं.

चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड माणूस. मेजरसाहेब त्याचे मामा म्हणे. "मामींना आता सांभाळणं होत नाही हो दादा, योग्य हातात जावं एवढंच त्यांचं म्हणणं आहे." गोखले रोडवरच्या एका हॉटेलात तो फाइल घेऊन आला. रणगाड्याला टेकून उभ्या मेजरसाहेबांचा कृष्णधवल फोटो, घरी लिहिलेली पत्रं, 56 एपीओ म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता, फील्ड पोस्ट ऑफिसचे शिक्के, आतल्या चामड्यावर घामाचे डाग असलेली पीक कॅप. मी एकेक वस्तू भिंगाखाली धरून पाहिली. सगळं अस्सल होतं. बरोबर एक फ्रेम, काचेमागे ओळीने सहा पदकं, मागची बाजू चिकटपट्टी लावून बंद. उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला, "मामांनी स्वतःच्या हाताने बसवलीत, मामींना वाईट वाटेल."

सौदा 1,40,000 रुपयांना ठरला. 40,000 तिथेच दिले, उरलेले 1,00,000 फ्रेम घरी पोचवली तेव्हा यूपीआयने. भाव पडेल लावला नव्हता, घासाघीसही त्याने रीतसर केली. या माणसाचं कसब कशात आहे ते ओळखा: कागद खरे, टोपी खरी, फोटो खरा, फक्त धातू खोटा. आणि मोल असतं ते धातूवर कोरलेल्या नावालाच. आपल्या सैन्यात पदकावर ते मिळवणाऱ्याचा नंबर, हुद्दा, नाव कोरून देतात. गोल पदकांच्या कडेवर ते वाचता येतं. फ्रेममध्ये नेमकी ती कडच झाकलेली असते.

फ्रेम उघडली त्या रात्री मी टेबलाशी किती वेळ बसून होतो कोण जाणे. 1965 चं रक्षा मेडल, 1971 चं संग्राम मेडल, 1972 चं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. वेगवेगळ्या वर्षी दिलेली ही पदकं, पण तिन्हींच्या कडेवरची अक्षरं एकाच यंत्राने, सारखीच खोल कोरलेली, टोकाला जळकट काळी रेघ असलेली. हुद्दा मेजर आणि नंबर 'जेसी'ने सुरू होणारा! जेसी म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, रिसाल्यात नायब रिसालदार ते रिसालदार मेजर. कायम कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याचा नंबर 'आयसी'ने सुरू होतो. रिसालदार मेजर आणि मेजर हा फरक नकला करणाऱ्याला ठाऊक नव्हता. अशोकस्तंभाच्या सिंहांच्या चेहऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते, साच्यात ओतलेल्या धातूला पडतात तसे. व्हर्नियर कॅलिपर लावून मोजलं तर व्यासही खऱ्या पदकापेक्षा कमी. खऱ्यावरून साचा काढला की धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल बारीकच निघते.

दोन दिवसांनी कुरियरने एक पत्र्याची डबी आली, "मामांच्या खांद्यावरचे बिल्ले राहिले होते" अशा निरोपासह. आत पितळी मुकुट. मुकुट हे मेजरचं चिन्ह ब्रिटिश अमदानीतलं. देश प्रजासत्ताक झाल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. साठच्या दशकात कमिशन घेतलेल्या माणसाच्या खांद्यावर राजाचा मुकुट येईलच कसा? फोन लावला, बंद.

एका जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीने नेरुळच्या सोसायटीचं नाव लिहिलेलं होतं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी धरून गेलो. दार उघडलेल्या काकूंनी माझ्या हातातली टोपी पाहिली आणि विचारलं, "परत द्यायला आलात का? तो मुलगा कुठेय?"

त्यांना भाचा नाहीच. प्रजासत्ताक दिनाला शाळेत प्रदर्शन लावायचंय असं सांगून हा माणूस आला, कुठल्याशा संग्रहालयाच्या लेटरहेडवर पावती दिली, आणि पदकं, पत्रं, टोपी घेऊन गेला. पावतीवरच्या पत्त्यावर तसलं काही अस्तित्वातच नाही. "तीन-चार वेळा आला हो. यांच्याबद्दल तासन्‌तास विचारायचा. यांच्याबद्दल हल्ली विचारतं कोण? मला बरं वाटायचं," काकू म्हणाल्या. आणि गोखले रोडवर त्याने मला सांगितलेले सगळे किस्से, रेडिओ सेटवर पंजाबीत दिलेल्या शिवीपासून बसंतरच्या रात्रीच्या थंडीपर्यंत, त्याच खोलीत काकूंनी त्याला सांगितलेले होते. पैशांपेक्षा या गोष्टीचा मला जास्त संताप येतो. त्याने त्या बाईंचं दुःख नीट ऐकून घेतलं, आणि विकलं.

कागद, फोटो आणि टोपी त्याच दिवशी त्यांच्याकडे ठेवून आलो. सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर मी तक्रार केली होती, त्यामुळे त्याच्या खात्यातली थोडी रक्कम बँकेने रोखून धरली. हा फोन जितका लवकर कराल तितके पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात. काकूंनी आणि मी पोलीस ठाण्यात वेगवेगळ्या तक्रारी दिल्या आहेत. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318. खरी पदकं अजून सापडलेली नाहीत.

दरम्यान खारघरच्या एका संग्राहकाला त्याच वर्णनाच्या माणसाने पूना हॉर्सच्याच दुसऱ्या 'मामां'ची फ्रेम दाखवली. त्यात 'पूर्वी स्टार' होता, म्हणजे 1971 ला पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळालेलं पदक. पूना हॉर्स 1971 ला पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या बाजूला लढली. पूर्वेला पीटी-76 रणगाडे घेऊन 45 कॅव्हलरी ही दुसरी रेजिमेंट होती. एखादा अधिकारी तेव्हा दुसरीकडे नेमणुकीवर असू शकतो, पण मग तसा कागद हवा. कागद मागितल्यावर तो माणूस चहा अर्धा टाकून निघून गेला.

रिबिनी अतिनील टॉर्चखाली निळसर चमकल्या, म्हणजे धागा नवा निघाला, म्हणून पदक खोटं ठरवू नका. घरची माणसं रिबिनी बदलतात. कड वाचा. कड दाखवायला तयार नसलेल्याला पैसे देऊ नका. विकणारा नातेवाईक आहे म्हणाला तर ज्यांची वस्तू आहे त्यांच्या घरी जाऊन भेटा, फोनवर नको. आणि घरी पदकं असतील तर आजच कडेवरच्या नावानंबराचे फोटो काढून ठेवा. मूळ पदक प्रदर्शनाला, किंमत काढायला, फोटोला, कशालाही घराबाहेर देऊ नका. कुणी संस्थेचं नाव सांगितलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

काकूंच्या घरी 1973 सालचा एक फोटो आहे, मेजरसाहेब पूर्ण गणवेशात, पदकं छातीवर. त्यांचा खरा आयसी नंबर पोलिसांना दिला आहे, माझ्याकडेही आहे. पूना हॉर्सच्या मेजरांचा संच ठाणे, मुंबई, पुण्यात कुणी तुम्हाला दाखवला, तर कडेचा फोटो मागून घ्या आणि मला पाठवा. मी ताडून सांगेन.