खोट्या अर्थांचा खेळ : बॉल्डरडॅश आणि आमची आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या की अमळनेरच्या आमच्या घरात तीन दिवस माणसे मावत नाहीत. सकाळी लिंबाच्या झोक्यावर मुली असतात, दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाचे जेवण होते, आणि त्यानंतर पारा ४३ अंशांच्या आसपास असल्यामुळे दिवस कलेपर्यंत कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. खानदेशात ही दुपार पत्त्यांची असते. आखाजीचे डाव पुष्कळ घरी पैशांवर चालतात आणि त्यापायी सणासुदीला भावाभावांत अबोला धरला गेल्याचे मी लहानपणापासून पाहिले आहे; म्हणून या वर्षी मी ठरवून दुसरा खेळ घरी आणला. तीन दुपारी आणि एक रात्र तो खेळून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

खेळाचे नाव बॉल्डरडॅश. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ निरर्थक बडबड असा होतो. कॅनडातील लॉरा रॉबिन्सन आणि पॉल टॉइन यांनी तो तयार केला, १९८४ मध्ये तो बाजारात आला आणि आज मॅटेल ही कंपनी तो विकते. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. जाडजूड शब्दकोश उघडून कोणालाही ठाऊक नसलेला शब्द काढायचा आणि प्रत्येकाने त्याचा खोटा, पण खरा वाटेल असा अर्थ चिठ्ठीवर लिहायचा, हा उद्योग इंग्रजी घरांतून आधीपासून चालत होता, आणि बीबीसी दूरचित्रवाणीवर १९६५ मध्ये याच धर्तीचा कार्यक्रम सुरू झाला होता. खोक्याने या कल्पनेला पट, सोंगट्या, फासा आणि छापील पत्ते दिले.

खेळण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक फेरीत एकजण वाचक होतो. आम्ही त्याला ‘कोशकार’ असे नाव दिले. तो शब्द मोठ्याने वाचतो, खरा अर्थ स्वतःजवळ ठेवतो, बाकीच्यांचे खोटे अर्थ गोळा करतो आणि त्यांत खरा मिसळून सर्व अर्थ एकाच सुरात वाचून दाखवतो. मग प्रत्येकाने खरा अर्थ कोणता ते सांगायचे. खरा ओळखला तर दोन गुण. आपल्या खोट्या अर्थाला जितकी माणसे फसतील, तितक्या माणसांमागे एकेक गुण. एखाद्याला खरा अर्थ मुळातच ठाऊक असेल आणि त्याने तोच लिहून दिला, तर आमच्या घरात त्याला तीन गुण देऊन त्याची चिठ्ठी बाजूला ठेवायची असे ठरले.

मी ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून खोके मागवले, त्याने नवे म्हणून वापरलेले पाठवले. उत्तरे लिहिण्याच्या वहीची बरीच पाने कोणीतरी आधीच भरलेली होती आणि एक सोंगटी कमी होती. परत पाठवायला सणाआधी वेळ नव्हता, म्हणून शाळेच्या वह्यांच्या कोऱ्या पानांचे तुकडे केले आणि सोंगटीच्या जागी चिंचोका ठेवला. मागवणाऱ्यांनी खोके आले त्याच दिवशी उघडून मोजून घ्यावे.

पत्त्यांवर पाच प्रकारचे प्रश्न असतात : अपरिचित शब्द, अपरिचित माणसे, आद्याक्षरे (त्यांचे पूर्ण रूप सांगायचे), चित्रपट आणि विचित्र कायदे. आद्याक्षरांचा प्रकार आमच्याकडे पहिल्याच दुपारी बंद पडला. चित्रपटांचा प्रकार बरा चालला, कारण नुसत्या नावावरून कथानक रचायचे असते आणि ते मराठीतही रचता येते. कायद्यांचा प्रकार सर्वांत चांगला चालला. त्यात कायद्याच्या वाक्याचा आरंभ दिलेला असतो आणि शेवट आपण करायचा असतो. माझ्या बहिणीने, पूर्वी ग्रामपंचायतीत काम केलेले असल्यामुळे, असे काही शेवट लिहिले की त्यांवर शिक्का मारला असता तर ते सहज खपून गेले असते. पण ज्या शब्दांच्या फेऱ्यांसाठी खेळ आणला, त्यांतच घराचे दोन भाग पडले. इंग्रजी शाळेत शिकणारी मुले पुढे सरकली. माझी आई, जिचे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे, झोपाळ्यावर जाऊन बसली. हा दोष खोके बनवणाऱ्यांचा नाही. त्यांनी ते त्यांच्या भाषेसाठी बनवले आहे. पण मराठी घरात विकत घेणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे, म्हणून स्पष्ट लिहिले.

दुसऱ्या दिवशी पत्ते बाजूला ठेवले, पट आणि फासा तेवढा घेतला आणि शब्द मराठी कोशांतून काढले. या खोक्याची खरी किंमत त्या दुपारी कळली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, आणि दाते-कर्वे यांचा १९३२ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. कोशकाराच्या हातात मोबाइल असला की पुरे. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत असल्यामुळे तो मराठीत उतरवून घ्यावा लागतो, आणि त्या घाईत वाक्य अवघडले की ऐकणाऱ्यांना संशय येतो. म्हणून खेळासाठी दाते-कर्वे अधिक सोयीचा. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी शब्दकोश ज्यांच्या घरी असेल, त्यांना तर वेगळे काही शोधण्याची गरजच नाही.

मराठीत कोणताही अवघड शब्द चालतो असे मात्र नाही. संस्कृत सामासिक शब्द अजिबात घेऊ नयेत, कारण ते मधोमध तोडले की अर्थ बाहेर पडतो. कमाविसदार, रोजमुरा यांसारखे दरबारी शब्द इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक असतात आणि ‘दार’ किंवा ‘बंद’ अशा शेपटांवरून इतरांनाही अंदाज येतो. उत्तम शब्द म्हणजे दोन-तीन अक्षरांचे, शेतातले किंवा चुलीजवळचे जुने देशी नाम, जे ऐकताना ओळखीचे वाटते आणि हाती मात्र लागत नाही.

‘कोळवे’ हा तसा शब्द. त्याची फेरी मी जशीच्या तशी सांगतो. सहा चिठ्ठ्या आल्या. एका भाच्याने ‘कोल्ह्याचे पिल्लू’ असे लिहिले. दुसऱ्याने ‘मासेमारीचे जाळे ताणून धरणारी खुंटी’ असे लिहिले. धाकट्या बहिणीने ‘कोळ्याच्या घरातील देव्हारा’ असे लिहिले आणि एकीने ‘लग्नात नवरदेवाच्या कमरेला बांधण्याचा काळा गोफ’ असे. माझ्या मुलाने सर्वांना हसवणारा एक अर्थ लिहिला, ज्याला एकही मत पडले नाही. माझ्या पत्नीची चिठ्ठी अशी होती : ‘सोनाराच्या शेगडीतील जळून उरलेला बारीक कोळसा, जो पुन्हा पेटवण्यासाठी वेगळा ठेवतात.’ पाच खेळाडू तिच्याकडे गेले. खरा अर्थ होता धान्य मोजण्याचे जुने माप : दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर, म्हणजे कोळवे हा शेराचा आठवा भाग. ज्या घरात मापटे हा शब्द अजून बोलण्यात आहे, त्या घरातले कोळवे कोणालाच आठवले नाही.

पत्नीचा अर्थ का खपला, यावर आम्ही पुष्कळ बोललो. कोळशाचा ध्वनी शब्दात आहे, हे तर झालेच. पण ‘पुन्हा पेटवण्यासाठी वेगळा ठेवतात’ हा जो कोरडा, बिनकामाचा तपशील आहे, त्यानेच लोक फसले. खरे कोश असेच बोलतात. तपशील एकच हवा आणि तोही रुक्ष हवा. दोन-तीन तपशील आले की लिहिणारा धडपडतो आहे हे लगेच दिसते. विनोदी अर्थाला हशा मिळतो, गुण मिळत नाहीत. आणि मराठीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे शब्दाचे लिंग. एकारान्त नपुंसकलिंगी नामाला आपण पागोट्याचा, भांड्याचा किंवा मापाचा अर्थ दिला तर तो कानाला बसतो. ‘एक प्रकारची भाजी’ असे लिहिले तर का कोण जाणे, कोणी तिकडे फिरकत नाही. दुसऱ्या दुपारी मुलांना हे न सांगता कळले होते.

कोशकाराचे काम मात्र मुलांना देऊ नये. चुलतकाका नाना हे काम सर्वांत चांगले करतात. ते सर्व चिठ्ठ्या आधी चष्मा लावून मनात वाचून घेतात, न लागलेले अक्षर लिहिणाऱ्याच्या कानाशी जाऊन विचारतात, खरा अर्थही तशाच फाटक्या कागदावर उतरवून घेतात आणि मग तलाठी सातबारा वाचून दाखवतो तसे एका सुरात सगळे वाचतात. वाचताना जो अडखळतो किंवा ज्याचा आवाज खऱ्या अर्थाजवळ सैल पडतो, त्याच्या हातात फेरी फुकट जाते.

आता आईविषयी. तिला झोपाळ्यावरून उठवून आणणारा शब्द ‘थारोळे’ हा होता. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ‘रक्ताच्या थारोळ्यात’ एवढेच ठाऊक, त्यामुळे सगळ्यांनी डबके, साका, ओघळ यांच्या आसपासचे अर्थ लिहिले. नानांनी दोनदा शब्द वाचला तरी आई गप्प होती. तिसऱ्यांदा वाचल्यावर ती म्हणाली, “थारोयं म्हना ना. आमना मयामा थारोयं व्हतं.” अहिराणीत ळ चा य होतो, डोळ्याचा डोया आणि मळ्याचा मया होतो, म्हणून पुस्तकी उच्चारात तिला स्वतःच्याच मळ्यातली वस्तू ओळखू आली नव्हती. मोट वर आली की तिचे पाणी प्रथम ज्या दगडी कुंडात पडते आणि तिथून पाटाला लागते, ते थारोळे. तिने हाताने त्याची लांबी दाखवली, मोट ओतताना पाण्याचा जो आवाज होतो तो सांगितला आणि त्यात उन्हाळ्यात लहान मुलांना अंघोळ घालत असल्याचेही सांगितले. तीन गुण तिला मिळाले.

त्यानंतर तिवडा, म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. चाडे, म्हणजे पाभरीवर बसवलेले, ज्यात पेरताना बियाण्याची मूठ सोडतात ते लाकडी पात्र. शिवळ, म्हणजे जुवाला बैलाच्या मानेजवळ असणारी खुंटी. कडोसरी, म्हणजे कमरेला खोचलेल्या वस्त्राची ती घडी जिच्यात बाया पैसे बांधतात. या एकामागून एक शब्दांवर आईने तीन-तीन गुण घेतले. पुण्याच्या भाच्याने तक्रार केली की आजीला सगळे येते, मग खेळ कसला. त्याची तक्रार रास्त होती. अपरिचित शब्द असा काही स्वतंत्र पदार्थ नसतो; तो बसलेल्या माणसांवरून ठरतो. भाच्याला ‘आंडेर’ विचारले तेव्हा त्याने अंड्यांची टोपली असा अर्थ लिहिला होता, आणि त्याची स्वतःची आई ही त्या घरची आंडेर, म्हणजे मुलगी, समोरच बसलेली होती.

यावर तोडगा म्हणून तिसऱ्या दुपारी दूरच्या मुलखातले शब्द घेतले. ‘खाजण’ आला. खाडीलगतची, भरतीचे खारे पाणी चढणारी ती जमीन. तापीकाठच्या माणसाला तिची ओळख असण्याचे कारण नाही. आई लिहीत नाही, ती नातीच्या कानात सांगते. तिचा अर्थ नानांनी वाचला : ‘जू घासून बैलाच्या खांद्यावर पडलेला चट्टा, ज्यावर हळद आणि तेल लावतात.’ झाडून सगळे फसले, मीही फसलो.

तेव्हापासून आम्ही जोड्या लावून खेळतो, एक मोठे माणूस आणि एक मूल. मोठ्याने तपशील द्यायचा, मुलाने कोशाच्या भाषेत तो लिहायचा. खोक्यात अशी सूचना नाही, पण मराठी घरासाठी ती मी आवर्जून सुचवीन. खेळाडू सहा ते आठ असावेत. चौघांत खेळ फिका पडतो, कारण कोणाचा अर्थ कोणता हे दोन फेऱ्यांत ओळखू येते; दहाच्या वर गेले की वाचून होईपर्यंत पहिला अर्थ विसरला जातो. एक फेरी दहा मिनिटे तरी घेते, त्यामुळे रमीसारखी घाई ज्यांना आवडते त्यांना तो संथ वाटेल. नाती-नातवंडे एकत्र जमत नसतील आणि दोघे-तिघेच घरी असतील, तर घेऊ नये.

खोके घ्यावेच का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे की इंग्रजीत खेळणारी मंडळी असतील तर घ्यावे, पत्त्यांवरची निवड चांगली आहे आणि कायद्यांच्या फेऱ्या मराठीतही रंगतात. मराठीत खेळायचे असेल तर कोश, कागद आणि पेन्सिली पुरतात. पटाने फक्त एवढे होते की लहान मुलांना आपली सोंगटी पुढे सरकताना दिसते आणि ती उठून जात नाहीत. आमच्याकडे या तीन दुपारी पत्त्यांचा डाव एकदाही बसला नाही, हे मी या खेळाच्या बाजूने नोंदवतो.

श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, सगळे पुन्हा जमतील. त्यासाठी आईने आतापासून शब्द सांगायला सुरुवात केली आहे आणि नात ते वहीत उतरवून घेते. आजवर अकरा झाले. मी ते दोन्ही कोशांत शोधले. सात सापडले, चार सापडले नाहीत. छापील पुरावा नसलेला शब्द घ्यायचा नाही, असा आमचा पहिला नियम होता. तो आम्ही बदलला आहे : त्या चार शब्दांच्या फेऱ्यांना कोशकार आई असेल, आणि ती सांगेल तोच अर्थ खरा धरला जाईल.