गंगापूर रोडवरील स्तनपान सल्ला केंद्र : बाळंतिणीच्या आईचा अभिप्राय

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या माझ्या लेकीने नाशिकच्या गंगापूर रोडवरील या स्तनपान सल्ला केंद्राची सेवा घेतली. एक घरभेट, त्यानंतर केंद्रातील भेटी आणि मधल्या काळात फोनवरून मार्गदर्शन असे या सेवेचे स्वरूप आहे. सेवा उत्तम आहे, तिच्यात काही उणिवाही आहेत, आणि दोन्हींविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण असे की अशा सल्ल्यासाठी पैसे मोजायचे म्हटले की घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : बाळाला पाजायला शिकवायला बाहेरचे माणूस कशाला हवे? मी स्वतः त्याच वडीलधाऱ्यांपैकी असल्यामुळे त्याचे उत्तरही मीच द्यावे, हे बरे.

लेकीचे बाळंतपण सिझेरियनने झाले. घरी आलो तेव्हा बाळ छातीशी धरले की थोडेसे ओढायचे आणि झोपी जायचे, खाली ठेवले की पुन्हा रडायचे. लेकीच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या आणि पाजायची वेळ जवळ आली की तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहायचे. बघायला येणाऱ्या प्रत्येकीजवळ एक उपाय असायचा आणि प्रत्येक उपायाचा शेवट ‘तिला दूधच पुरत नाही, वरचं सुरू करा’ या एका वाक्यात व्हायचा. रुग्णालयातल्या परिचारिकांनी मदत केली होती, परंतु एकीच्या वाट्याला इतक्या बाळंतिणी असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकेकीजवळ बसून पाजणे पाहणे त्यांना कसे जमावे? हे केंद्र नेमके तेवढेच काम करते, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत त्यातच आहे.

सल्लागार ताई आल्या त्या हात धुऊन थेट बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. डिस्चार्ज कार्डावरून जन्माच्या वेळचे आणि घरी सोडतानाचे वजन त्यांनी उतरवून घेतले, सोबत आणलेल्या डिजिटल काट्यावर बाळाचे उघड्या अंगाने वजन केले आणि लेकीला म्हणाल्या, “रोज जसं पाजतेस तसंच पाज, मी नुसती बघते.” त्यानंतर बराच वेळ त्या खरोखरच काही बोलल्या नाहीत. लेक कमरेतून पुढे वाकून बाळाच्या तोंडात स्तनाग्र देत होती. बाळाची मान एका बाजूला वळलेली होती, खालचा ओठ आत दुमडलेला होता, प्रत्येक ओढीला गालावर खळी पडत होती आणि चक्‌ चक्‌ असा आवाज येत होता. घरोघरी त्या आवाजाला बाळ छान पीत असल्याची खूण मानतात. प्रत्यक्षात गालाची खळी आणि तो आवाज या दोन्ही खुणा पकड उथळ असल्याच्या आहेत : बाळ केवळ स्तनाग्र चोखत राहते, त्यामुळे आईला चिरा पडतात आणि बाळाच्या पोटात फारसे काही जात नाही.

मग त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली. टाक्यांवर भार पडू नये म्हणून बाळाला मांडीवर आडवे न घेता बगलेखालून, त्याचे पाय आईच्या पाठीकडे जातील अशा रीतीने धरायला सांगितले आणि लेकीच्या पाठीशी उशी देऊन तिला सरळ बसवले. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत आणली. वरच्या ओठाला स्तनाग्र हलकेच लावायचे, बाळ जांभई देताना उघडते तेवढे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबायचे आणि मग आईने वाकायचे नाही, बाळालाच छातीकडे ओढून घ्यायचे, एवढाच त्यांचा पाठ होता. काही प्रयत्न फसले. फसलेल्या प्रत्येक वेळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवून पकड कशी सोडवायची, हेही त्यांनी दाखवले, कारण ओढून काढल्याने चिरा वाढतात. अखेर पकड जमली तेव्हा बाळाची हनुवटी छातीत रुतलेली होती, खालचा ओठ बाहेर वळला होता, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूने अधिक आणि खालच्या बाजूने जेमतेम दिसत होता. खळी नाहीशी झाली होती आणि थोड्या वेळाने प्रत्येक एक-दोन ओढींमागे गिळल्याचा हलका आवाज येऊ लागला. घरी आल्यापासून आवळून धरलेले खांदे लेकीने त्या वेळी पहिल्यांदा सैल सोडले. मला त्या एका दृश्यासाठी घरभेटीचे शुल्क वसूल झाल्यासारखे वाटले.

दूध पुरते की नाही, हा प्रश्न त्यांनी ज्या रीतीने सोडवून दिला, तीही सांगण्याजोगी आहे. आईची छाती चाचपून किंवा बाळाच्या रडण्यावरून याचे उत्तर मिळत नाही. बाळाची शी, शू आणि वजन यांवरून मिळते. पहिले दोन-तीन दिवस येणारा चीक थोडाच असतो, पण नवजात बाळाची जठराची पिशवीही तेवढीच लहान असते. सुरुवातीच्या दिवसांत जन्मवजनात 7 टक्क्यांपर्यंत घट होणे स्वाभाविक आहे, घट 10 टक्क्यांकडे जाऊ लागली की मात्र डॉक्टरांना दाखवायला हवे, आणि दोन आठवड्यांच्या आत बाळ पुन्हा जन्मवजनावर यायला हवे. पाच-सहा दिवसांच्या बाळाने चोवीस तासांत किमान सहा दुपटी चांगली भिजवली पाहिजेत आणि तोपर्यंत काळ्या शीची जागा पिवळ्या शीने घेतलेली असली पाहिजे. पुढे पहिले तीन महिने दिवसाला सरासरी 20 ते 30 ग्रॅम वजन वाढत राहिले की निश्चिंत असावे. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजणे हे दूध कमी असल्याचे लक्षण नसून नवजात बाळाची रीतच आहे. ताईंनी हे सारे एका कागदावर रकाने आखून दिले. तो कागद आम्ही फ्रीजवर चिकटवला, आणि बघायला येणाऱ्या बायकांनी ‘पुरत नाही’ म्हटले की लेक शांतपणे त्याकडे बोट दाखवू लागली.

घरातल्या जुन्या चालीरीतींविषयी त्या कशा बोलतात, याची मला धास्ती होती. शिकलेली माणसे पुष्कळदा सगळेच मोडीत काढतात. यांनी तसे केले नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाळंतशेपा हे सारे त्यांनी आनंदाने चालू ठेवायला सांगितले. बाळंतिणीची भूक वाढलेली असते आणि हे अन्न तिच्या अंगी लागते, मात्र दूध वाढते ते बाळ जितके ओढून रिकामे करील तितके, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. तेलाची हलक्या हाताने मालिश चालेल, पण नाकाकानात तेल घालू नये. जन्मघुटी, पाणी आणि ग्राइप वॉटर सहा महिने नको, उन्हाळ्यातसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. नाळेला काही न लावता ती कोरडी ठेवायची. काजळात शिसे असू शकते म्हणून ते डोळ्यांत नको. प्रत्येक ‘नको’च्या मागे कारण होते, आणि कारण कळले की माझ्या वयाची माणसेही ऐकतात.

नाशिकच्या थंडीचा मुद्दा त्यांनी आपणहून काढला, याचे मला विशेष वाटले. पारा दहाच्या खाली उतरला की आपण बाळाला कानटोपी, दोन झबली, त्यावर शाल असे गुंडाळून टाकतो, आणि असे उबेत गुरफटलेले बाळ दोन घोट घेऊन झोपी जाते. पाजताना वरचे थर काढून बाळाला आईच्या उघड्या अंगाला लावायचे आणि शाल दोघांच्या वरून घ्यायची, हा साधा बदल केल्यावर आमचे बाळ जागे राहून पिऊ लागले. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून शेक-धुरी देण्याला त्यांचा ठाम विरोध होता. त्या धुराने तान्ह्याची छाती भरते आणि दारेखिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. शेक गरम पाण्याच्या पिशवीने घ्यावा, असा त्यांचा पर्याय होता आणि तो आम्ही मानला.

चिरा भरेपर्यंत एका बाजूचे दूध हाताने काढून पाजावे लागले. त्यासाठी घरात चांदीचे बोंडले होते, सराफ बाजारातून हौसेने आणलेले. ताईंनी ते हातात घेतले, चोचीच्या आतून कापसाची बारीक वात फिरवून आम्हाला दाखवली आणि वातीला लागलेला पिवळट थर पाहून पुढे कोणाला काही बोलावे लागले नाही. ती अरुंद चोच आतून घासता येत नाही. उघडी वाटी आणि चमचा पूर्ण घासता येतात आणि उकळून घेता येतात. बाळाला अर्धवट उभे धरून वाटीची कड खालच्या ओठावर टेकवायची, दूध तोंडात ओतायचे नाही, बाळ जिभेने आपले आपण घेते. बाटली त्यांनी सुचवली नाही. केंद्रातही बाटल्या, दूधभुकटीचे डबे किंवा त्यांची जाहिरातपत्रके कुठेही दिसली नाहीत. 1992 च्या आणि पुढे 2003 मध्ये सुधारलेल्या कायद्याने अशा वस्तूंच्या जाहिरातीला आणि मोफत नमुन्यांना बंदी आहे. तो कायदा इथे पाळला जातो, ही गोष्ट मी महत्त्वाची मानते.

आपल्या कामाची सीमा त्यांना ठाऊक आहे, हेही नोंदवते. घरभेटीच्या वेळीच बाळाच्या छातीवर बोटाने दाबून त्वचेचा पिवळेपणा त्यांनी पाहिला आणि कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नका, आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, असे सांगितले. तपासणीत काळजीचे कारण निघाले नाही. पण सल्लागाराने डॉक्टरांचे काम अंगावर घेऊ नये, हा विवेक दुर्मीळ आहे. रोजच्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या 400 एककांच्या थेंबांचा विषयही त्यांनी काढला आणि ते डॉक्टरांनाच विचारा म्हणून सोडला.

जावई शनिवार-रविवारी पुण्याहून येत. एक भेट त्यांच्या सवडीने ठेवून त्यांना ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि वाटीने पाजणे शिकवण्यात आले. ‘बाबांचं काम’ म्हणून त्यांच्या हातात बाळ दिले गेले तेव्हा ते अवघडले, पण नंतर रात्रीचे एक पाजणे सांभाळू लागले आणि लेकीला सलग झोप मिळू लागली.

आता उणिवा. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि आम्ही गेलो तेव्हा लिफ्ट बंद होती. टाक्यांच्या बाळंतिणीने जिना चढायचा, हे या सेवेला मुळीच शोभत नाही. दिलेली वेळ पाळली जात नाही, तान्ह्या बाळासह तासभर ताटकळावे लागते, आणि बसण्याच्या जागेत पडदा नसल्यामुळे त्या वेळात बाळाला पाजताना संकोच वाटतो. छापील माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे. ज्या आज्या-आत्यांपर्यंत ही माहिती पोहोचायला हवी त्यांच्यापैकी कितीजणी ते वाचणार आहेत? मराठी मजकूर मी विनामूल्य लिहून देईन असे केंद्राला कळवले आहे. घरभेटीचे शुल्क केंद्रातील भेटीच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि ते आधी फोनवर स्पष्ट सांगितले जात नाही, ते विचारून घ्यावे.

नोकरीवर परतण्याविषयीची शेवटची भेट मला उरकल्यासारखी वाटली. 2017 च्या सुधारणेनंतर मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली असली, तरी त्यानंतर पंपाने दूध काढून ठेवण्याचे वेळापत्रक, कार्यालयातील जागा, पाळणाघराला द्यायच्या सूचना हे सारे सावकाश समजावण्याजोगे विषय आहेत. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास आणि फ्रीजच्या आतल्या बाजूला 4 दिवस टिकते, एवढे सांगण्यात आले. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दूध काढल्याबरोबर थंड ठिकाणी ठेवावे लागेल, हे लेकीने विचारल्यावर सांगितले गेले.

ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांनी आपल्या भागातील आशा ताईंशी जरूर संपर्क साधावा. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्यांच्या गृहभेटी ठरलेल्या असतात, त्या विनामूल्य असतात आणि बाळाचे वजन व पाजणे पाहणे हा त्या भेटींचाच भाग आहे. जे या केंद्राकडे जाणार आहेत त्यांनी नववा महिना लागताच नाव नोंदवावे, पहिली भेट रुग्णालयातून सुटल्यावर एक-दोन दिवसांत आणि शक्यतो घरीच ठरवावी, डिस्चार्ज कार्ड हाताशी ठेवावे, आणि बाळाला सांभाळणारे घरातले जे कोणी असेल त्यांना त्या वेळी खोलीत बसवावे.