दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश, आठ महिने वापरून

बाटली धुवायचा ब्रश असतो ना, त्याचंच एकदम चिमुकलं रूप, मधे तार आणि भोवती बारीक केस, तो दोन दातांच्या मधे घालायचा. इंटरडेंटल ब्रश म्हणतात. आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे वापरून झाले आणि काम तिघांनी जवळपास सारखंच केलं, म्हणून कंपनीबद्दल न लिहिता वस्तूबद्दलच लिहिते.

मी हा का घेतला ते आधी सांगते. दोनेक वर्षं रोज सकाळी बेसिनमध्ये थुंकताना रक्त दिसायचं. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे मनावर घेतलं नाही. उलट ब्रश अगदी हलक्या हाताने करायला लागले, आणि जिथून रक्त यायचं ती जागा तर टाळायलाच लागले. सगळं चुकलं ते इथेच. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्याने हिरडी सुजते आणि म्हणून रक्त येतं. तिथेच ब्रश टाळला की तो थर वाढतो, दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो आणि एकदा त्याचं कीटण झालं की घरी कितीही घासा, निघत नाही.

शेवटी हिरड्यांच्या स्पेशालिस्ट मॅडमकडे गेले. त्यांनी एक बारीक खुणा असलेली सळी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हळूच घालून मापं घेतली, त्या आकडा सांगायच्या आणि असिस्टंट लिहून घ्यायची. तीन, दोन, तीन असं चाललं होतं तोपर्यंत ठीक, मग उजवीकडच्या खालच्या दाढेला "सहा" ऐकलं. निरोगी हिरडीत ही खोली एक ते तीन मिलीमीटर असते. सहा म्हणजे हिरडी दातापासून सुटून खिसा तयार झालेला आणि खालचं हाड झिजायला लागलेलं. एक्सरेत दिसलंच ते. मॅडमनी सरळ सांगितलं, नुसती सूज असेल तर हिरडी पूर्ववत होते, पण गेलेलं हाड सहसा परत येत नाही, आहे ते टिकवायचं. त्या दिवशी घरी येताना रिक्षात रडले मी.

मला आईच आठवत होती. आई मिश्री लावायची, रोज दोनदा, आणि पन्नाशीच्या आतच तिचे पुढचे दात हलून पडले. घरात सगळे म्हणायचे वय झालं. पन्नाशी हे काय दात पडायचं वय आहे का! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, तो हिरडीला रोज चोळायचा. अजून गावाकडे कितीतरी बायका लावतात, कुणी घरात असेल तर कृपा करून बोला त्यांच्याशी. आणि सिगरेट ओढणाऱ्यांनी "मला कुठे रक्त येतं" म्हणून निर्धास्त राहू नका, सिगरेटने रक्त कमी येतं पण आतलं झिजणं चालूच असतं.

तर, चार बैठकांत भूल देऊन हिरडीच्या आतून मुळांपर्यंत साफसफाई झाली. ते झाल्यावर दातांत फटी दिसायला लागल्या, गार पाणी पंधरा दिवस झोंबलं. इतकी वर्षं ऐकत होते की क्लीनिंगने दात सैल होतात, ते खोटं आहे. फटी आधीपासून होत्याच, कीटणाने बुजल्या होत्या आणि सूज उतरल्यावर उघड्या पडल्या. त्या फटींसाठीच हा ब्रश, कारण साधा ब्रश कितीही चांगला असला तरी दोन दातांच्या मधे पोचत नाही. फ्लॉस मी आधी वापरून पाहिला होता, हात मागे जात नाही, धागा अडकतो, आठवड्यात सोडला. हा मात्र जमला.

पहिले पाच-सहा दिवस याने पण रक्त आलं, मॅडमनी आधीच बजावलं होतं की थांबायचं नाही. दहाव्या दिवशी थुंकी स्वच्छ होती!! तोंडाचा वास गेला, हे तर यांनीच आपणहून सांगितलं.

आता त्रास. साइज चुकला की सगळं चुकतं. मी दुसऱ्या वेळी अंदाजाने ऑनलाइन मागवला, जाड निघाला, हिरडी सोलली. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीप्रमाणे बदलतात, पाकिटावरचा मिलीमीटर किंवा साइज नंबर बघा आणि पहिल्यांदा डॉक्टरकडूनच ठरवून घ्या. मला पुढे एक आणि दाढांना दुसरा लागतो, म्हणजे दोन पाकिटं. जोर लावला की तार वाकते, मागच्या दाढांना तर दोनदा तुटलीच. केस झडले की फेकायचा, माझा एक आठवडाभर ते दहा दिवस जातो, त्यामुळे खर्च चालू राहतो आणि प्लास्टिक पण साठतं, ते मनाला खातं. पेस्ट लावायची गरज नाही, रात्री ब्रशच्या आधी नुसता ओला करून घालायचा.

यांना शुगर आहे म्हणून यांनाही तपासून आणलं. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी शुगर आवरत नाही, दोन्हीकडून असतं ते. शुगरच्या डॉक्टरांनी दाताबद्दल एवढ्या वर्षांत कधीच विचारलं नव्हतं.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या तारेसाठी कापला. पण कीटण आधी काढून न घेता नुसता हा ब्रश आणाल तर फार उपयोग नाही. तीन महिन्यांनी माप घेतलं तेव्हा सहाच्या दाढेला चार आलं. पुढच्या महिन्यात परत जायचंय, आकडा इथेच टाकते.