छापील २७.९७ आणि वहीतले २१.७ : मुंबईत वर्षभर मोजलेले हायब्रिडचे मायलेज

एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या बारा महिन्यांत आमच्या हायब्रिड गाडीची टाकी अठरा वेळा पूर्ण भरली. तिच्यात ६१४.३ लिटर पेट्रोल गेले आणि ओडोमीटरवर १३,४८२ किलोमीटर पडले. सरळ भागाकार केला तर लिटरला २१.९ किलोमीटर येतात. ओडोमीटरची चूक वजा केल्यावर आकडा २१.७ वर उतरतो. गाडीच्या माहितीपत्रकात २७.९७ छापलेले आहे, आणि गाडीच्या पडद्यावरची वर्षाची सरासरी २२.८ आहे. एकाच गाडीचे हे तीन आकडे एकमेकांपासून इतके दूर का पडतात, आणि त्यांपैकी कोणत्यावर विसंबून मुंबईकराने जास्तीचे पैसे मोजावेत, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. आसने, सनरूफ आणि टचस्क्रीन यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे, त्यामुळे तो भाग मी सोडतो.

मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर ही २०२२ साली बाजारात आलेली जुळी भावंडे. आमची गाडी त्यांपैकी एक, स्ट्राँग हायब्रिड. तिच्यात दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे, जोडीला विजेची मोटर आहे आणि ०.७६ किलोवॉट-तासाची लिथियम-आयन बॅटरी आहे. महावितरणच्या भाषेत सांगायचे तर ही बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची. ती प्लगला लावून चार्ज करता येत नाही. तिच्यात येणारी सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते, मग ती इंजिनने थेट बनवलेली असो की ब्रेक लावताना चाकांकडून परत मिळवलेली. हे पाऊण युनिट नीट लक्षात घेतले की हायब्रिडच्या मायलेजविषयीचे निम्मे गैरसमज गळून पडतात.

अनेक जण मोबाइलवर पडद्याचा फोटो दाखवतात : पाच किलोमीटरच्या फेरीत लिटरला अडतीस किलोमीटर! फोटो खरा असतो, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा असतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटांची उष्णता असते आणि त्यातून चांगल्या इंजिनाला तीन युनिटांच्या आसपास उपयोगी काम काढता येते. आता बॅटरी कधीच पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ठेवली जात नाही, म्हणून वापरात येणारी वीज तीन-चार दशांश युनिट धरू. ती सुमारे शंभर मिलिलिटर पेट्रोलाच्या तोडीची होते. पाच किलोमीटरच्या फेरीला मुळात सव्वादोनशे मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे फेरीच्या सुरुवातीला बॅटरी भरलेली आणि शेवटी उतरलेली असेल, तर जवळजवळ निम्मी फेरी उधारीवर झालेली असते, आणि ती उधारी दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झाल्यावर फिटते. एका वेळी भरलेल्या चौतीस लिटरांत मात्र हेच शंभर मिलिलिटर एक टक्क्याच्याही खाली जातात. त्यामुळे हायब्रिडचे मायलेज फेरीवर मोजू नये, टाकीवर मोजावे, आणि एका टाकीवरही समाधान मानू नये.

टाकीवर मोजणे ऐकायला सोपे वाटते. खरी अडचण पेट्रोल पंपावर येते. टाकी ‘फुल’ झाल्याची माझी व्याख्या एकच आहे : नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की थांबायचे. पंप तोच, मशीन तेच, गाडी उभी करण्याची दिशाही तीच, कारण जमिनीला थोडा उतार असला तरी टाकीत अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. चौतीस लिटरवर अर्ध्या लिटरची चूक म्हणजे दीड टक्का. दहा लिटर भरून हिशेब करणाऱ्याची तीच चूक पाच टक्के होते.

ऑगस्टमधल्या एका रात्री पंपावर रांग होती आणि मी काच खाली करून नेहमीचे वाक्य बोलायला विसरलो. नोझल कट झाला, मीटरवर काहीतरी वेडावाकडा आकडा होता, आणि कर्मचाऱ्याने विचारले, “साहेब, राउंड फिगर करू ना?” मी ‘नको’ म्हणेपर्यंत त्याने दोन-तीनदा खटका दाबला होता. टाकीच्या गळ्यापर्यंत पेट्रोल आले, थोडे झाकणाखालून ओघळून मागच्या चाकाच्या कमानीवर उतरले. वहीत त्या टाकीचे मायलेज २१.१ दिसते आणि पुढच्या टाकीचे २३.०, गाडीत काहीही बदललेले नव्हते, दीड लिटर पेट्रोल एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेले होते एवढेच. दोन्ही ओळी एकत्र केल्या की चूक निघून जाते. त्याच पंपावर पुढच्या महिन्यात मी पाच लिटरच्या मापाने तपासणी मागितली. हा ग्राहकाचा हक्क आहे आणि पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, पण मला वीस मिनिटे “मॅनेजर जेवायला गेलेत” हेच ऐकावे लागले. माप शेवटी आले आणि बरोबर निघाले. तरीही मी पंप बदलला. माप बरोबर असले तरी खटका दाबणाऱ्या हाताचा भरवसा नव्हता.

दुसरी बाजू किलोमीटरची. ओडोमीटर खरे बोलतो असे सगळे धरून चालतात. पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावरचे किलोमीटरचे दगड धरून सत्तर किलोमीटरचे अंतर मी तीन वेळा पडताळले. गाडीने तिन्ही वेळा सुमारे ७०.७ दाखवले. म्हणजे शंभरात एक किलोमीटर फुकटचा. टायर झिजले की हा फरक वाढतो : चाकाची त्रिज्या साधारण साडेचौतीस सेंटिमीटर असेल आणि नक्षी सहा मिलिमीटर झिजली, तर चाक दर फेऱ्याला पावणेदोन टक्के कमी अंतर कापते आणि ओडोमीटरला त्याचा पत्ता लागत नाही. पडद्यावरची सरासरी तर याच किलोमीटरांना इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेल्या पेट्रोलाने भागून मिळते; तो अंदाज आहे, माप नाही. आमच्या पडद्याचा आकडा पंपावरच्या हिशेबापेक्षा चार टक्क्यांनी वर आहे, आणि अंदाजाच्या मानाने मी त्याला चांगला म्हणेन. सरासरी काढतानाही एक चूक फार जण करतात : एक टाकी २४ ची आणि एक १८ ची, म्हणून सरासरी २१. दोन्हींवर सहाशे-सहाशे किलोमीटर चालले असतील तर खरी सरासरी २०.६ येते. किलोमीटरांची बेरीज भागिले लिटरांची बेरीज, एवढेच करावे.

आता मुंबईकडे वळतो. माझा रोजचा रस्ता मुलुंडहून पूर्व द्रुतगती महामार्गाने चुनाभट्टीपर्यंत आणि तिथल्या उड्डाणपुलाने वांद्रे-कुर्ला संकुलात, एका बाजूने सुमारे एकवीस किलोमीटर. डिसेंबरमधली एक पूर्ण टाकी केवळ याच रस्त्यावर संपली : ८०६ किलोमीटर, ३३.६ लिटर, म्हणजे २४.०. तोच रस्ता, तोच चालक, मे महिना : २१.३. जुलै : १९.८. लोक म्हणतात की हायब्रिडला ट्रॅफिक आवडतो. हे अर्धे खरे आहे. घाटकोपरच्या पुढे गाड्या वीस-तीसच्या वेगाने सरकत असतात तेव्हा इंजिन बंद राहते, मोटर गाडी ओढते, पुढच्याचे लाल दिवे दिसताच पाय उचलला की चाकांतून वीज परत येते; अशा वेळी या गाडीसारखी काटकसर पेट्रोलवरच्या दुसऱ्या कोणत्याही गाडीत मी पाहिलेली नाही. पण जुलैतल्या एका संध्याकाळी याच एकवीस किलोमीटरांना दोन तास दहा मिनिटे लागली. काचांवरची वाफ जावी म्हणून एसी चालू ठेवणे भाग होते. या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गारवा येतो. मात्र बॅटरी दर काही मिनिटांनी उतरते आणि गाडी जागची हललेली नसताना इंजिन फक्त एसीसाठी सुरू होते. एसी तासाला एक युनिट खातो असे धरले, तर तीन तासांत एक लिटर पेट्रोल नुसते उभे राहून जाते. हायब्रिडला आवडतो तो सरकणारा ट्रॅफिक. ठप्प झालेला ट्रॅफिक तिलाही महाग पडतो.

द्रुतगती मार्गावर चित्र उलटे होते. पुण्याच्या आणि नाशिकच्या प्रवासांत संपलेली टाकी : ६२८ किलोमीटर, ३४.९ लिटर, १८.०. शंभरच्या वेगात हवेचा विरोध सोसायला इंजिन सतत चालू असते आणि ब्रेकमधून परत मिळण्यासारखे काही नसते. बोरघाटात बॅटरीचा लहानपणा उघडा पडतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण आहे. चार माणसे आणि सामानासकट सोळाशे किलोची गाडी वर नेण्यात सुमारे अडीच युनिटे खर्ची पडतात. उतरताना त्यातले काही परत मिळावे अशी अपेक्षा असते, पण बॅटरी पहिल्या दोन-तीन वळणांतच भरते आणि उरलेली ऊर्जा हवेत, टायरांत आणि ‘बी’ मोडमधल्या, म्हणजे उतारावर इंजिनाने वेग आवरताना होणाऱ्या, गुरगुरण्यात जाते. ज्यांचे बहुतेक चालवणे मुंबई-पुणे असेच आहे, त्यांनी या गाडीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

छापील २७.९७ खोटा नाही. तो आपल्याकडच्या प्रमाणित चाचणीचा आकडा आहे : प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून, कमाल वेग ताशी नव्वद किलोमीटर. वर्षातले साडेदहा महिने एसी लावणाऱ्या शहराचे त्यात प्रतिबिंब पडत नाही. मला वहीतून त्याच्या ७८ टक्के मिळाले. इथेनॉलचाही वाटा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश उष्णता कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रण असलेल्या इंधनात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी भरते.

माझा भाचा अमेरिकेत डॅलसजवळ राहतो आणि त्याच्याकडे फोर्ड मॅव्हरिक ही हायब्रिड पिकअप आहे. मुंबईत पिकअप म्हटले की वाशीच्या बाजार समितीत कांदे-बटाटे उतरवणारा डिझेलचा टेम्पो डोळ्यांसमोर येतो. तिकडे ऑफिसला जाणारी माणसेही मागे उघडा हौदा घेऊन फिरतात. त्याच्या २०२३ च्या पुढची चाके ओढणाऱ्या मॉडेलवर सरकारी संस्था ईपीएचा आकडा शहरात ४२, महामार्गावर ३३ आणि एकत्रित ३७ मैल प्रति गॅलन असा आहे. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणून ३७ चे आपल्या हिशेबाने १५.७ किलोमीटर प्रति लिटर होतात. माझ्या सांगण्यावरून त्यानेही पहिल्या कटवर थांबून सहा टाक्या मोजल्या. “मामा, माझा तर छापल्यापेक्षा जास्त येतोय,” असे त्याने मोठ्या अभिमानाने कळवले : ३८. त्याच्या पिकअपमध्ये जादू नाही. ईपीएच्या चाचणीत २००८ च्या मॉडेलांपासून जास्त वेग, चालू एसी आणि थंडी या तिन्ही गोष्टी धरल्या जातात, म्हणून छापील आकडा मुळातच जमिनीवर असतो. शहरात जास्त आणि महामार्गावर कमी हा हायब्रिडचा उलटा स्वभाव मात्र त्याच्या लेबलवर आणि माझ्या वहीत अगदी सारखा आहे. हौद्यात घरसामान भरून दोनशे मैल गेला त्या टाकीला त्याचा आकडा ३३ वर आला. ती ओळ त्याने आधी कळवली नव्हती, मी विचारल्यावर कळवली.

पैशांचे बोलायचे तर साध्या ऑटोमॅटिकपेक्षा या गाडीला मी सुमारे अडीच लाख रुपये जास्त मोजले. माझ्या आधीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकची वही याच रस्त्यावर १३ चा आकडा सांगते. ओडोमीटरची चूक वजा केल्यावर वर्षभरात त्यामुळे ४१२ लिटर पेट्रोल वाचले. लिटरला १०४ रुपये धरले तर सुमारे ४३ हजार रुपये, म्हणजे जास्तीचे पैसे फिटायला पावणेसहा वर्षे. महिन्याला दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त आणि तेही शहरातच गाडी चालवणाऱ्या माणसाला हा सौदा चांगला आहे. शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाण्यासाठी गाडी घेणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. एक गोष्ट जाता जाता नोंदवतो : ज्या दोन टाक्या बहुतांशी माझ्या पत्नीने चालवल्या, त्या माझ्यापेक्षा लिटरला एक किलोमीटर जास्त देऊन गेल्या. ती सिग्नल दिसल्याबरोबर पाय उचलते, मी सिग्नलपाशी पोहोचल्यावर ब्रेक दाबतो.

मार्चअखेरीस पुढचे दोन टायर बदलले. म्हणून वहीच्या नव्या पानावर टाकीची पहिली ओळ लिहिण्याआधी द्रुतगती मार्गावर जाऊन तेच सत्तर दगड पुन्हा मोजायचे आहेत.