लेकीच्या दंडावरचा शुगर सेन्सर: पाच सेन्सर वापरून झाल्यावर

माझी लेक सहावीत आहे. ती आठ वर्षांची असताना तिला टाइप 1 डायबेटिस निघाला. तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं आणि पाच-सहा वेळा बोट टोचणं चालू आहे. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवते, मिस्टर रिक्षा चालवतात. हे आधीच सांगते, म्हणजे खाली किमतीबद्दल मी एवढं का लिहिलंय ते कळेल.

डॉक्टर मॅडमनी सुचवलं म्हणून दंडावर चिकटवायचा सेन्सर घेतला. आतापर्यंत पाच वापरून झाले. कंपनीचं नाव घालत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या सेन्सरला लागू होईल.

वस्तू दहाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. दंडाच्या मागच्या बाजूला ठेवून दाबायची की केसासारखी बारीक तार कातडीखाली अर्धा सेंटीमीटर जाते. लेक म्हणाली, बोट टोचण्यापेक्षा हे काहीच नाही. पहिला तासभर आकडा येत नाही. मग 14 दिवस फोनवर आकडा आणि त्याच्या शेजारी बाण, साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा. या बाणासाठी मी पैसे मोजले असं म्हटलं तरी चालेल. बोट टोचून बघायचा ग्लुकोमीटर 110 दाखवतो आणि आपण झोपतो. पण 110 वरून पोर खाली घसरत चाललंय हे मीटरला सांगता येत नाही. तीन वर्षं मी रात्री दोनचा गजर लावून उठले, झोपलेल्या लेकराचं बोट हातात घेतलं आणि टोचलं. पहिला सेन्सर लावला त्या रात्री मी सलग झोपले. सकाळी उठून रडले.

आमच्या जेवणाचंही बरंच कळलं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दोन तासांत आकडा 290. आणि कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर आमटी याने आकडा सावकाश चढतो, तेवढाच सावकाश उतरतो. पोह्याने तसं होत नाही. हे आमच्या लेकीचं झालं, तुमच्या मुलाचं वेगळं असेल.

आता त्रास. हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो. त्यामुळे आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. साखर झपाट्याने पडत असली की तेवढी मिनिटंही फार असतात. लेक थरथरतेय, घाम फुटलाय आणि फोन 92 म्हणतोय, असं आमच्याकडे दोनदा झालं. अशा वेळी फोन बाजूला ठेवून बोट टोचायचं. मीटरच्या स्ट्रिप्स घेणं बंद करू नका, दुकानदार काहीही म्हणो. दुसरं, त्याच कुशीवर झोपली की सेन्सर दाबला जातो आणि खोटाच कमी आकडा येतो. आणि तिसरा आपला सोलापूरचा उन्हाळा. मेमध्ये पारा 43 वर, शाळेच्या सुट्टीत पोर गल्लीत खेळणार, घामाने चिकटपट्टी सुटली. नवव्या दिवशी सेन्सर गळून पडला, उरलेल्या पाच दिवसांचे पैसे गेले. दुकानात विचारलं तर घामाने निघालेला बदलून मिळत नाही म्हणाले.

म्हणून मी दंडावर चढवायची पट्टी शिवली. हातातलं काम आहे, अर्ध्या तासात झाली. कापड अंगाच्या रंगाचं निवडलं. आता खरं लिहायचं तर घामाचं कारण अर्धंच होतं. आदल्याच आठवड्यात एका बारशात माझ्या नणंदेने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वहिनी, ते झाकत जा. चार लोक बघतात. उद्या पोरीचं लग्न करायचंय." अकरा वर्षांच्या पोरीचं. मी काही बोलले नाही, घरी आले आणि पट्टी शिवायला बसले. लेकीने ती चढवली, आरशात बघितलं आणि विचारलं, "आई, ही घट्ट बसावी म्हणून शिवलीस का दिसू नये म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही.

हा आजार गोड खाऊन होत नाही, कुणाला लागत नाही. शरीराची स्वतःची संरक्षण करणारी यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. हे मी सासूबाईंना, शेजारणींना, वर्गशिक्षिकेला किती वेळा सांगितलं असेल. पण इंजेक्शन घरात बसून घेता येतं. सेन्सर सगळ्यांसमोर असतो. आजार तोच, पण आता तो दंडावर दिसतो, आणि बघणाऱ्याला बोलायला कारण मिळतं. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं आणि विकणाराही सांगत नाही.

शाळेत पहिल्या दिवशी फोन काढून घेतला. मोबाइलबंदीचा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे, मी त्या मॅडमना दोष देत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 साली राज्यांना पत्र लिहून टाइप 1 च्या मुलांना शाळेत आणि परीक्षेतही साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधला खाऊ खाऊ द्या असं कळवलं होतं. मिस्टरांनी त्या पत्राची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन दिली. आता फोन मॅडमच्या टेबलावर असतो आणि साखर उतरून तो वाजला की लेक उठून दोन चमचे ग्लुकोज घेते. वर्गातली मुलं आठवडाभर बघत होती, नंतर कुणी मान वर करेना. मुलांचं लवकर होतं.

सगळ्यात जास्त वेळ मला ज्या गोष्टीने छळलं ती माझी स्वतःची. या ॲपमध्ये घरच्यांना आकडा आपापल्या फोनवर बघता येतो. मी माझ्या फोनवर घेतलं, मिस्टरांनी घेतलं, पुण्याच्या दिरांनीही काळजीपोटी मागितलं, त्यांनाही दिलं. मशीनवर बसून दर दहा मिनिटांनी मी आकडा बघायला लागले. एक दिवस लेक मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. आकडा 240 आणि बाण वर. मी तिथेच फोन केला, "काय खाल्लंस?" मागून दिरांचाही फोन गेला. ती घरी आली ती जेवलीच नाही. रात्री म्हणाली, "पूर्वी माझं रक्त काढताना तरी तू मला हात दे म्हणायचीस."

ॲप सुरू करताना मी एका बटणावर मान्य आहे असं दाबलं होतं. कुठल्या माहितीचं काय होणार, ती कुठे साठणार, हे सगळं इंग्रजीत पानंच्या पानं होतं. मला वाचता आलं नाही आणि कुणी समजावूनही दिलं नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती हवी असं आहे, म्हणजे कागदोपत्री मी केलं ते बरोबरच. पण साखर तिची आहे. तिला एकदाही विचारलं नव्हतं. कंपनीला माझी विनंती आहे: ते सगळं मराठीत द्या, आणि अकरा वर्षांच्या मुलीला कळेल असं एक पान वेगळं द्या.

आम्ही तिघं बसलो आणि ठरवलं. दिरांचं बंद केलं. मिस्टरांनी स्वतःहून काढलं. माझ्याकडे आहे, पण मी आकडा उघडून बघत नाही. फक्त 70 च्या खाली गेला की वाजणारी घंटा चालू ठेवलीय. बाकी ती स्वतः सांगेल तेव्हा. काही दिवस माझा हात सारखा फोनकडे जायचा. आता कमी जातो.

आता पैसे. मला एक सेन्सर 5 हजारांच्या आसपास पडला. 14 दिवसांचा एक, म्हणजे वर्षभर सलग लावायचा तर 26 लागतात, 1 लाख 30 हजार रुपये. आमच्याने ते होणं शक्य नाही. आम्ही दोन महिन्यांतून एक लावतो. त्या 14 दिवसांत जे कळतं त्यावर डॉक्टर मॅडम डोस बसवतात, पुढचे दिवस बोट टोचून. ही पद्धत त्यांनीच सांगितली आणि खर्चाच्या मानाने ती आम्हाला पुरते.

तपासणीच्या रांगेत विडी घरकुलची एक बाई भेटते. तिचा मुलगा माझ्या लेकीच्याच वयाचा, आजार तोच. ती विड्या वळते. स्ट्रिप्स परवडत नाहीत म्हणून दिवसातून दोनदाच तपासते. तिने लेकीच्या दंडाला बोट लावून विचारलं, "ताई, हे लावल्यावर रात्री झोप येते का हो?" मी हो म्हटलं आणि नजर खाली गेली. मॅडमनी एकदा आम्हाला सांगितलं होतं, इन्सुलिन पहिल्यांदा जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला दिलं, आणि शोध लावणाऱ्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना असं सुचलं, त्यांच्याच शोधाच्या सोबतीला आलेली ही वस्तू विड्या वळणाऱ्या बाईच्या पोरापर्यंत पोचत नाही, याचा मला राग येतो. आणि फोनवर जाहिराती येतात, डायबेटिस नसलेल्यांनी वजन उतरवायला हाच सेन्सर लावावा म्हणून. ज्यांना हौस आहे त्यांनी लावावा. पण टाइप 1 च्या मुलांना हा सरकारी दवाखान्यातून, इन्सुलिनच्या बरोबरीने मिळाला पाहिजे. वर्षाचे 26 देता येत नसतील तर सहा द्या. थोडेही किती उपयोगाचे आहेत ते मी स्वतः बघितलंय.

घ्यावा का, असं विचाराल तर घ्या. एकच परवडला तरी घ्या. पण दुकानातून आणायच्या आधी मुलाला विचारा की आकडा कुणाकुणाला दिसलेला चालेल. आम्ही हे उलटं केलं.

सहावा सेन्सर कपाटात आहे. मी तो परीक्षेच्या दिवसांसाठी ठेवला होता. लेक म्हणाली, गड्ड्याच्या जत्रेला लाव, होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत उभं राहून बोट टोचायला नको वाटतं. तेव्हाच लावणार आहोत. पट्टी नवी शिवलीय, कापड तिने निवडलं, युनिटमध्ये उरलेल्या तुकड्यांतलं गडद लाल.